तारा कुठून बोलतो

वेधशाळा, डोंगरावरून
२ ऑक्टोबर १९८५

प्रिय मकवाला अक्का,

तुझी पेटी पोचली. अक्रोड उत्तम, मोजे मात्र एवढे मोठे की त्यात मी आणि शेजारी दोघं मावू. तरी घालतोय, कारण इथे सकाळी नळातून पाण्याऐवजी बर्फाचे खडे यायला लागलेत.

आता कामाचं. तुझा नवरा घरात असेल तर हे पत्र स्वयंपाकघरात नेऊन वाच. मॉस्कोहून समिती येतेय. त्यांना कुणीतरी कळवलंय की एवढ्याशा जॉर्जियात पल्सारवर डोकं खाजवणारे दोन विभाग आहेत, एक डोंगरावर माझा आणि एक तिबिलिसीत तुझ्या नवऱ्याचा, आणि दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तेव्हा एक ठेवायचा आणि एकाला टाळं लावायचं. माझा विभाग म्हणजे मी, मदतनीस शाल्वा आणि एक शेगडी. टाळं लागलं की ही खोलीही गेली, कारण ती विभागाची आहे. अक्का, या वयात मला दुसरं काही येत नाही. बटाटेसुद्धा मी कच्चे काढतो.

तू मागच्या पत्रात लिहिलंस, खालून की वरून, ताऱ्याला काय फरक पडतो. ताऱ्याला नाही पडत, मला पडतो. तारा मरतो, आकसून तिबिलिसीएवढा होतो, वजन मात्र सूर्याहून जास्त, आणि भोवऱ्यासारखा फिरत राहतो. त्याच्या अंगातून रेडिओचा झोत निघतो, तो दर फेरीला आपल्यावरून जातो आणि आपल्या यंत्रात टक्‌ टक्‌ वाजतं. तोच पल्सार. इथपर्यंत जगात सगळ्यांचं एकमत. पण तो झोत नेमका जन्मतो कुठे, हे कुणालाही माहीत नाही. मी म्हणतो पायथ्याशी, ताऱ्याच्या ध्रुवाला चिकटून. तुझा नवरा म्हणतो दूर काठावर, जिथे ताऱ्याचं चुंबकत्व त्याच्याबरोबर फिरता फिरता दमतं. एवढंच आहे आमचं भांडण. आणि ती तळटीप. माझा सिद्धांत त्याने मुख्य मजकुरात खोडून काढला असता तर मी पुरुषासारखा सहन केला असता. त्याने तो तळटीपेत खोडला.

असो. मी एक युक्ती काढली आहे. समितीला मेजवानी मी देणार, आणि तमादा म्हणून प्याले उचलायला आणि भाषणं करायला तुझा नवरा उभा राहणार. तमादाने सगळ्यांचं कौतुकच करायचं असतं, वाकडा शब्द काढायची त्याला सोयच नाही. माझ्या घरात, माझं मीठ खाऊन, समितीसमोर तो माझ्याबद्दल गोड गोड बोलत राहणार आणि आतून जळणार. त्याला निमंत्रण सांग. माझ्या वतीने सांग, पण माझं नाव फार घेऊ नकोस.

तुझा भाऊ,
वार्लाम


तिबिलिसी
११ ऑक्टोबर

वार्लाम,

ते मोजे पायात घालायचे नाहीत, बुटांवरून घालायचे आहेत. बर्फावर घसरून पडलास की मलाच यावं लागतं.

मी टपालखातं नाही, हे तुम्हा दोघांना सांगून माझा घसा बसला. तरी शेवटचं म्हणून लिहिते. पलीकडच्या खोलीतून ऊशांगी ओरडून सांगतोय, ‘तुझ्या भावाला कळव, तमादा व्हायला मी आनंदाने येईन.’ हा माणूस टोपी घ्यायची तर तीन दुकानं आणि दोन आठवडे घेतो, आणि याला इथे एका दमात आनंद झाला. मला काही हे बरोबर वाटत नाही. काल आरशासमोर पळी हातात घेऊन उभा होता, वाईनचं शिंग धरल्यासारखी. मी आत गेले तर म्हणाला, पाठ खाजवतोय.

तुझा विभाग बंद झाला तर तू कुठे येणार ते मला ठाऊक आहे. बाल्कनीशेजारच्या खोलीत. मग जेवायला बसलं की हा म्हणणार, ‘मकवाला, तुझ्या भावाला सांग, मीठ दे.’ तू म्हणणार, ‘अक्का, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ त्याच्याच कोपराशी आहे.’ आणि मी मधे बसून दोघांचा अनुवाद करणार. त्यापेक्षा मी नदीत उडी मारीन. म्हणून देवाकडे मागते की तुझा विभाग राहू दे. आणि त्याचाही राहू दे. हे दुसरं का मागते ते तुला सांगणार नाही, कुणाला तरी शब्द दिलाय.

पनीर पाठवतेय. शाल्वाला दे, सगळं एकटा खाऊ नकोस.

मकवाला


वेधशाळा
१९ ऑक्टोबर

अक्का,

अनर्थ झालाय. आमचे संचालक सकाळी आले ते चेहरा पांढरा करूनच. दारूबंदीचा फतवा तू वाचलाच असशील. सरकारी पाहुण्यांसमोर वाईनचा थेंब दिसला तर त्यांची खुर्ची जाते. मी म्हटलं, तमादा आहे, शिंगं आहेत, सात प्रकारचं जेवण आहे, मग शिंगात ओतायचं काय. म्हणाले, तारखूनचं सरबत. ते हिरवं, बुडबुड्यांचं, शाळेच्या सहलीत मुलं पितात ते. त्याच्या चाळीस बाटल्या मागवल्यात.

शिंग एकदा हातात घेतलं की रिकामं केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही हे आपलं शास्त्र. आता लिटरभर फसफसणारं सरबत एका दमात प्यायचं आणि वर शांततेवर बोलायचं. आपले आजोबा वर बसून हे बघत असतील तर त्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

पण मग मला बरं वाटायला लागलं. तुझ्या नवऱ्याची जीभ वाईनच्या तिसऱ्या प्याल्याला सुटते. सरबतावर तो दगडासारखा बसेल. तमादा म्हणून पार फजिती होईल त्याची, आणि समितीत एक बाई आहेत, झिनाईदा पाव्लोव्हना, त्यांना म्हणे मुळमुळीत माणूस खपत नाही. तू येच. कोंबडी आणि अक्रोडाचा रस्सा तुझ्या हातचाच हवा. नोव्हेंबरची नऊ तारीख ठरलीय.

वार्लाम


तिबिलिसी
३० ऑक्टोबर

वार्लाम,

मी येऊ शकत नाही. कंबर धरलीय, पाटासारखी सरळ पडून आहे. रस्सा शाल्वाच्या बायकोकडून करून घे आणि तिला सांग, लसूण तू म्हणशील त्याच्या निम्मा.

आता नीट ऐक. ऊशांगी परवा आंघोळीला गेला आणि आत एकटाच हसत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस आंघोळ करताना कधी हसलेला नाही. मी दाराला कान लावला. तो म्हणत होता, ‘अलावेर्दी, वार्लाम. अलावेर्दी.’

अरे बाळा, तमादाने नुसतं कौतुक करायचं असतं एवढंच तुझ्या लक्षात राहिलं का? तमादा प्याला उचलून बोलतो, मधेच थांबतो, एकाकडे बघतो आणि म्हणतो अलावेर्दी. की झालं. ज्याचं नाव घेतलं त्याने उभं राहून तेच बोलणं पुढे न्यायचं. त्यात भर घालायची, मोडायचं नाही. नाही म्हणालास तर आलेल्या पाहुण्याचा तुझ्याच घरात अपमान केलास असं होतं. तू त्याला बांधायला दोरी आणलीस आणि तिचं एक टोक स्वतःच्या गळ्यात ठेवलंस. अजून वेळ गेलेली नाही, तमादा दुसरा कर. संचालकांनाच कर.

मकवाला


वेधशाळा
१२ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. मेजवानी नऊला झाली. आपल्या टपालखात्याचं मी काय करू ते सांग.

सुरुवात फार चांगली झाली. जेवण दुपारी दोनला मांडलं, ऊन होतं, खिडकीतून रेडिओ दुर्बिणीची मोठी तबकडी दिसत होती. झिनाईदा पाव्लोव्हना माझ्या उजव्या हाताला. बाई हाडकुळ्या, सुपारीएवढा अंबाडा, समोरचा माणूस बोलतो तेव्हा चावणं थांबवत नाहीत. त्यांच्याबरोबर दोघे होते, एक जाडा, एक बारीक, त्यांची नावं कुणाच्याच लक्षात राहिली नाहीत. मी बाईंच्या कानाशी वाकून फुशारकीने सांगितलं, ‘आता गंमत बघा. आमच्यात तमादाला कुणाबद्दल वाईट बोलता येत नाही. त्याच्या तोंडचं सगळं गोड धरून चालायचं, खरं असो वा नसो.’ त्या म्हणाल्या, ‘असं का’, आणि पनीर भरलेल्या खाचापुरीचा तुकडा तोडला.

तुझा नवरा उभा राहिला. पहिला प्याला शांततेचा, दुसरा पाहुण्यांचा, तिसरा गेलेल्यांचा. आपल्या आईबाबांबद्दल तो असं काही बोलला की मला त्याच्याकडे न बघता डोळे पुसावे लागले. सरबतावर, अक्का. जाड्याला सारखे ढेकर येत होते आणि बारीक त्याच्यासाठी माफी मागत होता. चौथा प्याला त्याने उचलला तो काठाच्या नावाने. म्हणाला, ‘हा प्याला त्यांच्यासाठी, जे चुलीपासून लांब उभे असतात. ज्यांना वाटतं की बोलण्यासारखं जे काही आहे ते दूर, काठावर जन्मतं. आमचा तारासुद्धा तिथूनच बोलतो असं मी मानतो. पण हे मी काय सांगणार, माझ्याहून चांगलं सांगणारा इथे बसलाय.’ आणि माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून, म्हणाला, ‘अलावेर्दी, वार्लाम.’

शाल्वाने टेबलाखालून लाथ मारली म्हणून मी उठलो. हातात शिंग, शिंगात ते हिरवं पाणी. सगळं टेबल बघतंय. मोडायचं नाही, भर घालायची. बरं, कशात भर घालायची? काठाच्या सिद्धांतात एक भोक आहे आणि ते मीच जगाला दाखवलंय. ताऱ्याचा आवाज एवढा प्रचंड आहे की कणांनी सुटं सुटं ओरडून तो होणार नाही. बाजारात हजार माणसं बोलली तर नुसता कलकलाट होतो. सगळे एका सुरात ओरडले तरच आवाज इथवर येईल. मग काठावर, जिथे कण विखुरलेले, तिथे त्यांना गोळा करून एका सुरात ओरडायला लावणार कोण? हा प्रश्न मी तुझ्या नवऱ्याला प्रत्येक परिषदेत, तिसऱ्या माणसाकरवी, विचारत आलोय.

मी आधी उगाच बोललो. काठावरच्या लोकांचं कौतुक केलं, खलाशांचं केलं, मेंढपाळांचं केलं. संपलं. तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. आणि मग माझ्या तोंडून निघालं, मला आधी कळलंसुद्धा नाही मी काय म्हणतोय ते. म्हटलं, ‘त्यांना गोळा कशाला करायचं? आपण या टेबलाशी काय करतोय? एक लहर निघते, पहिल्या कणाशी जाते आणि म्हणते, अलावेर्दी. तो मोडत नाही, आपली थोडी भर घालतो आणि पुढे देतो. पुढचा आपली घालतो. पायथ्यापासून काठापर्यंत ती अशी हातोहात जाते, आणि काठाला पोचते तेव्हा एवढी झालेली असते की आम्हाला ती डोंगरावर ऐकू येते. कुणी कुणाला गोळा करायचं नाही. फक्त कुणी नाही म्हणायचं नाही.’

आणि मी थांबलो. कारण ते बरोबर होतं. झिनाईदा पाव्लोव्हनांचं चावणं थांबलं होतं. मी शिंग डाव्या हातात धरून कागदी रुमालावर तिथल्या तिथे ताळा करून पाहिला, वेगही जुळला, अंतरही जुळलं. शिंग रिकामं करून मी खाली बसलो आणि मला जो ढेकर आला त्याबद्दल मी सगळ्या देशाची माफी मागतो.

तुझा नवरा पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं होतं मी त त प प करीन. मी त्याचं भोक बुजवलं. आता पाहुण्याने यजमानाच्या उपकाराखाली नुसतं बसून राहायचं म्हणजे मेल्याहून मेलं. त्याने लगेच पाचवा प्याला उचलला, चुलीच्या नावाने, पायथ्याच्या नावाने, म्हणजे माझ्या सिद्धांताच्या नावाने. माझ्या सिद्धांतातलं भोक तुला माहीत नाही, ते त्याला माहीत आहे. पायथ्याशी कणांची एवढी दाटी की आवाज जन्मला तरी गर्दीतून बाहेर निघणार कसा. त्यानेच मला ते तळटीपेत विचारलं होतं. आणि तो उभा राहून सांगू लागला, ‘पायथ्याशी कण सतत कुठे निघतात? ठिणगी पडते, थांबते, शेजारी दुसरी पडते. दोन ठिणग्यांच्या मधे वाट रिकामी असते. आवाज त्या वाटेने निसटतो.’ बोलता बोलता त्याचे डोळे मोठे झाले. तो माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलला. शेवटी त्याला कुणाला अलावेर्दी म्हणायचं तेही सुचेना, तसाच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती निघाली तेव्हा मी गाडीपाशी धावत गेलो आणि झिनाईदा पाव्लोव्हनांना म्हटलं, काल मेजवानीच्या भरात काही बोललो असेन तर मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तर सरबत पीत होतात.’

अक्का, मी काय करून बसलो? तुझा नवरा घरी काय म्हणतोय?

वार्लाम


तिबिलिसी
२१ नोव्हेंबर

वार्लाम,

तो काहीच म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे. आल्यापासून तुझे जुने लेख काढून बसलाय. माझ्या पलंगाखालच्या पेटीत होते, मी लपवून ठेवले होते, त्याला कसे कळले देव जाणे. वाचतो आणि मान हलवतो. कालपासून विद्यार्थ्यांना पायथ्याचा सिद्धांत शिकवायला लागलाय. मुलं बिचारी तीन वर्षं काठावर बसून आहेत, परीक्षा तोंडावर आली आणि सर म्हणतात, खाली उतरा. त्यातली दोघं माझ्याकडे येऊन रडून गेली. मी त्यांना मुरंबा दिला, आणखी काय करणार.

एकदाच माझ्याशी बोलला. म्हणाला, ‘मकवाला, सरबतावर दिलेला शब्द लागू होतो का? आपल्याकडे बिअरचा प्याला तर शत्रूच्या नावाने उचलतात, शब्द उलटा धरायचा म्हणून.’ मी म्हटलं, ‘ते तू पेल्याला विचार.’ नंतर म्हणाला, ‘तुझ्या भावाला विचार, रुमालावरच्या दुसऱ्या ओळीत त्याने वेगाचा वर्ग धरला की घन.’ मी म्हटलं, मी शाळेत भूगोल शिकवला, मला हे लिहिता येत नाही, तुझं तू लिही. तो कागद घेऊन बसला आणि ‘वार्लाम’ एवढं लिहून उठला. तसे तीन कागद फुकट गेले.

आता तुला ते सांगते. शब्द मोडतेय, पण माझी कंबर अशी दुखतेय की देव मला आणखी काय शिक्षा करणार. ऊशांगीला सप्टेंबरातच कळलं होतं की टाळं त्याच्या विभागाला लागणार. मॉस्कोतल्या त्याच्या मित्राने सांगितलं होतं. तुझा विभाग राहणार होता, वार्लाम. तुला कळवू नको म्हणून त्याने मला शपथ घातली, म्हणाला तो फार नाचेल. मी त्याला विचारलं, मग सगळं हरलेलंच आहे तर तमादा व्हायला एवढ्या लांब कशाला चाललास. तेव्हा बूट घालता घालता म्हणाला, ‘बंद व्हायचंच आहे. पण त्याआधी एकदा वार्लामच्या तोंडून माझ्या सिद्धांताबद्दल चार चांगले शब्द ऐकेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडचे मला नकोत.’

तुला खाली पाडायला तो आला नव्हता. एवढं ऐकायला आला होता. आणि तू तर त्याला चार शब्दांऐवजी अख्खा सिद्धांत बांधून दिलास.

मकवाला


वेधशाळा
६ डिसेंबर

अक्का,

निकाल आला. संचालकांनी वाचून दाखवला आणि चष्मा पुसत बसले. थोडक्यात असा: डोंगरावरच्या विभागाच्या प्रमुखांनी स्वतः, पूर्ण शुद्धीत, समितीसमोर दाखवून दिलं की काठाचा सिद्धांत बरोबर आहे. सबब पायथ्यावर काम करणारा डोंगरावरचा विभाग अनावश्यक ठरतो, तो एक जानेवारीपासून बंद. तिबिलिसीचा ठेवावा आणि त्याने काठावरच काम करावं. मी म्हटलं, अहो पण तिबिलिसीच्या प्रमुखांनी तर त्याच टेबलाशी पायथ्याचा सिद्धांत सिद्ध केला, त्याचं काय? त्याचंही खाली लिहिलंय. ते भाषण तमादाचं सौजन्य म्हणून सोडून द्यावं, कारण तमादाला कौतुकच करावं लागतं आणि त्याचं बोलणं खरं धरायचं नसतं, असं यजमानांनी स्वतः समितीला समजावलं होतं.

मीच समजावलं होतं. कानाशी वाकून.

आता मजा बघ. मी काठावर विश्वास ठेवतो. जगात सध्या माझ्याइतका कुणी ठेवत नसेल, कारण ती लहर मी स्वतः चालवून पाहिली, महिनाभर रोज गणित करतोय, कुठेही अडत नाही. आणि मला ना विभाग, ना यंत्र, ना खोली. तिकडे तुझ्या नवऱ्याला विभागही आहे आणि मुलंही आहेत, आणि त्याला करायचंय ते त्याला आता पटत नाही. मूग गिळून गप्प बसला तर निवृत्तीपर्यंत त्याची खुर्ची पक्की. त्याने बसावं. मी त्याच्या जागी असतो तर बसलो असतो.

शाल्वाला खाली गावच्या शाळेत नोकरी मिळाली. शेगडी तो घेऊन गेला. मी पुस्तकं बांधतोय. तुझ्याकडे येणार नाही, तू आधीच नदीचं बोललीस. वर एक हवामानखात्याची झोपडी आहे, तिथे पर्जन्यमापक बघायला माणूस हवाय. पाऊस कुठून पडतो यावर सगळ्यांचं एकमत आहे, तेवढं बरं.

खरं सांगतो अक्का, मला खोलीचं दुःख नाही तेवढं याचं आहे की हे मी कुणाला सांगू. लहर कशी वाढते ते मला कुणाला तरी सांगायचंय, आणि ज्याला ते एका वाक्यात कळेल असा माणूस मला एकच माहीत आहे.

वार्लाम


तिबिलिसी
१५ डिसेंबर

वार्लाम, तुझी इडापिडा मला लागो,

पर्जन्यमापकाकडे जाऊ नकोस. बस आणि वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा ऊशांगी जेवत होता. मी त्याला वाचून दाखवणार नव्हते, पण तो म्हणाला, ‘दे इकडे’, आणि माझ्या हातातून घेतलं. शेवटचा परिच्छेद वाचून चमचा खाली ठेवला, कोट घातला आणि गेला. मला वाटलं तंबाखू आणायला गेला. तो गेला अकादमीत, आणि तिथे जाऊन सांगून आला की काठाचा विभाग चालवायला काठावर विश्वास असणारा माणूस लागतो, मला तो नाही, मी प्रमुखपद सोडतोय. त्यांना वाटलं याला ताप आलाय. त्यांनी त्याला पाणी दिलं. मग त्याने तिथूनच मॉस्कोला फोन लावायला लावला. झिनाईदा पाव्लोव्हना फोनवर आल्या. तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही ज्याच्या बोलण्यावर माझा विभाग ठेवलात, त्यालाच तुम्ही घरी बसवलंत.’ मग त्या म्हणाल्या, ‘मग त्यालाच प्रमुख करा. आणि तुम्ही काय करणार?’ हा म्हणाला, ‘त्याच्या हाताखाली.’ त्या म्हणाल्या, ‘कशासाठी?’ हा म्हणाला, ‘तो चुकतोय म्हणून.’

म्हणाल्या, ठीक आहे. मला तर वाटतं मॉस्कोत या बाई एकट्याच शहाण्या असाव्यात.

तेव्हा एक जानेवारीपासून तिबिलिसीचा विभाग तुझा. बाल्कनीशेजारची खोली मी झाडून घेतली आहे. मुलांना सांगितलं, पुन्हा वर चढा. त्यातल्या एकाने विचारलं, की नक्की कुठे बसायचं तेवढं आम्हाला कायमचं सांगाल का. मी म्हटलं, बाळा, ते मी माझ्या लग्नापासून विचारतेय.

खाली त्याला लिहायचंय म्हणतोय. कागद पुरेल का बघ म्हणाला, म्हणून मी आता थांबते.

मकवाला

वार्लाम,

मकवाला खिडकीकडे तोंड करून उभी आहे, म्हणजे मी काय लिहितो ते तिला दिसत नाही असं दाखवतेय.

उपकार केले असं समजू नकोस. तुझी लहर चुकीची आहे. कुठे चुकली ते मला अजून सापडलेलं नाही, पण सापडेल, आणि ते तुला सांगायला तू इथे असायला हवास. तू वेगाचा घन धरलास असं माझं मत आहे. वर्ग धरला असशील तर तसं उलट टपाली कळव, म्हणजे मी वेगळ्या बाजूने सुरुवात करीन.

एक गोष्ट तुझ्या टेबलाशी उभा असताना कळली, ती सांगून टाकतो. इतकी वर्षं मी तुझ्याशी रोज भांडत आलोय. रस्त्याने जाताना, दाढी करताना, मकवाला काहीतरी सांगत असताना. पण तो वार्लाम माझ्या डोक्यातला होता. फार मंद होता. मी काही म्हटलं की गप्प बसायचा, प्रत्येक वेळी हरायचा, आणि जिंकून जिंकून मी मूर्ख झालो. त्या दिवशी तू उभा राहिलास आणि मला ठाऊक नसलेलं एक वाक्य बोललास. मला इतकं बरं वाटलं की मी पडेन असं वाटलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर असेन. उतरल्या उतरल्या बोलायला लागू नकोस, आधी मी बोलणार आहे.

ऊशांगी